पत्र्याला बंदी नाही

गुंदवली, अंधेरी
२१ फेब्रुवारी १९५७

प्रिय दादा,

तुझं पत्र परवा मिळालं. आई गेल्याची तार हातात पडल्यावर तू महिनाभर लेखणी धरू शकला नाहीस, मेलबर्नच्या त्या खोलीत तीन दिवस कुणाशी बोलला नाहीस, हे वाचून जयवंत म्हणाला, आजच उत्तर लिही, माणूस एकटा आहे तिकडं. मी म्हटलं, लिहिते की. आणि त्यात दोन दिवस गेले. तू विचारलंस ते एवढंच, की आईनं जाण्याआधी तुझ्यासाठी भरून ठेवलेला डबा मी कधी पाठवते. तिला शेवटी त्रास झाला का, अग्नी कुणी दिला, मी कशी आहे, हे काही तू विचारलं नाहीस. तू कामाचा माणूस, एका पत्रात एकच काम. डब्याचं सांगतेच. पण आधी बाकीचं ऐक, कारण पुन्हा एवढं मोठं पत्र मी तुला लिहीन असं वाटत नाही.

आई अकरा जानेवारीला, शुक्रवारी सकाळी गेली. पायांची सूज पोटापर्यंत चढली होती आणि आडवं झालं की श्वास पुरत नसे, म्हणून शेवटचे बारा दिवस ती बसल्या बसल्याच झोपली. मी पाठीशी उशा लावायची, त्या घसरायच्या, मग मीच तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. त्या सकाळी तिनं चहा मागितला, अर्धा कप प्यायली, साखर कमी आहे म्हणाली, आणि मी साखरेचा डबा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. तुझं नाव घेतलं का, हे तुला हवं असेल. आदल्या दिवशी घेतलं. ‘श्यामला तिकडं थंडी वाजत असेल गं,’ म्हणाली. जानेवारीत तुमच्याकडे उन्हाळा असतो हे तू तिला तीन पत्रांत समजावलं होतंस, पण पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या हिशेबी तू परदेशात, म्हणजे तू थंडीत. आम्ही दोघं तिच्या डोळ्यांसमोर होतो, आमच्या थंडीची चौकशी तिनं कधी केली नाही.

अग्नी जयवंतनं दिला. दुसरं कोण देणार होतं? आफ्रिकेतून, मोंबासाहून परत आल्यापासून तीन वर्षं हा माणूस, माझा नवरा, या चाळीच्या जिन्याखाली उभा राहायचा आणि मला आईला भेटायला वर पाठवायचा, कारण तू त्याला उंबरा ओलांडू देत नव्हतास. ‘रेल्वेतला कारकुंडा’ हे तू त्याला ठेवलेलं नाव अख्ख्या चाळीला पाठ होतं. मग तुझं ऑस्ट्रेलियाचं ठरलं. परदेशातून आलेल्या झाडापाल्यातली कीड कशी पकडायची याचं दोन वर्षांचं शिक्षण, सरकारी खर्चानं. आणि आईला कोण बघणार हा प्रश्न आला. तेव्हा अडला हरी म्हणतात तसा तू घाटकोपरला आमच्या खोलीवर आलास आणि त्याला ‘जयवंतराव’ म्हणालास. तो भोळा, लगेच ट्रंक ओढून कपडे भरायला लागला. मला हसू आलं होतं. पण मीही आले, आईसाठी.

दहाव्याला वेसाव्याच्या किनाऱ्यावर पिंडाला कावळा शिवेना. जयवंतनं सगळं कबूल करून पाहिलं, माणिकला, म्हणजे मला, सांभाळू म्हणाला, तेराव्याला काही कमी करणार नाही म्हणाला. ऊन चढलं. शेवटी शेजारचे काशीरामभाऊ वैतागून म्हणाले, ‘अरे, म्हातारेचो जीव त्या डब्यात अडाकलो हा, आधी तां बोल!’ मग जयवंतनं हात जोडले, ‘आई, श्यामचा डबा त्याला पोचवू, तुम्ही भरलात तसाच.’ आणि कावळा आला. बायका तिथं जात नाहीत, म्हणून मी घरी होते, पण दोघांनी येऊन सांगितलं आणि सगळ्या चाळीनं हुश्श केलं. तेव्हा हेही तुला कळू दे, की डबा तसाच पोचवण्याचा शब्द आईला दिलेला होता.

डबा तिनं दिवाळी झाल्यावर भरायला घेतला. दिसत नव्हतंच जवळजवळ, हातानं चाचपून सगळं. जुन्या हिरव्या लुगड्याचे चौकोन फाडून घेतले आणि एकेक पुरचुंडी बांधत बसली. दारातल्या तुळशीच्या मंजिऱ्या वाळवून एकीत. दुसरीत त्याच कुंडीतली मूठभर माती, का, तर बी परक्या मातीत रुसतं, आधी आपल्या मातीत उगवलं की मग हळूहळू तिथलं मानून घेतं. तिसरीत कुळथाचं पीठ, तुझ्या आवडत्या पिठीसाठी, मिरच्या आणि सोलं सोबत. तुपाची लहान बरणी, तोंडाला मेण लावून. आणि तू तिसरीत असताना भूगोलाच्या वहीत ठेवलेलं मोरपीस, जे पिल्लं देईल म्हणून तू रोज उघडून बघायचास. ते तिनं पंचवीस वर्षं देवाच्या पोथीत जपलं होतं, मला हात लावू दिला नव्हता. तिच्या गाठी तुला आठवतात. दात लावल्याशिवाय सुटत नसत. प्रत्येक गाठ मारून झाली की माझ्या हातात द्यायची, ‘ओढून बघ, सुटत नाही ना?’ मी ओढून बघायची. सुटत नव्हती.

आणि हे सगळं तिनं भरलं कशात? झाकणावर घोडागाडीचं चित्र असलेल्या त्या चौकोनी बिस्किटाच्या डब्यात. तू तो ओळखशील. तिला तो का आवडला, तर झाकण घट्ट बसतं म्हणून. ती त्याच्यावरून बोटं फिरवत होती आणि मी बघत होते. मी म्हटलं, आई, दुसरा डबा देते. ती म्हणाली, हाच चांगला आहे, हा बोटीतून आलेला आहे, याला सवय आहे.

मार्च त्रेपन्न. मोंबासाची बोट, नऊ दिवस. तिकडं दंगे सुरू झाले, जयवंतच्या कचेरीनं माणसं कमी केली, आणि आम्ही तीन वर्षांचा संसार दोन ट्रंकांत घालून निघालो. मांडीवर तो डबा, त्यात मातीत लावलेलं अनंताचं रोप. वीतभर उंच, सात पानं. पिण्याचं पाणी मोजून मिळायचं, त्यातलं मी त्याला घालायची. गोदीवर उतरलो तर तपासणीच्या टेबलामागं साक्षात तू. मला किती आनंद झाला होता, दादा! लग्न करून गेल्यानंतर पहिल्यांदा तुला बघत होते. वाटलं, राग विसरून बहिणीला न्यायला आला. तू मान वर केलीस आणि म्हणालास, ‘बाई, हे रोप कुठून आणलंत?’ बाई. आणलंत. आमच्या मागं दीडशे माणसं रांगेत होती.

दाखला नव्हता, हे मला मान्य आहे. परदेशी झाड तिथल्या सरकारच्या दाखल्याशिवाय येऊ शकत नाही आणि परदेशी माती तर मुळीच नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, पण आज तुझं ते लाल पुठ्ठ्याचं नियमांचं पुस्तक मी तोंडपाठ म्हणू शकते. नियम खोटा आहे असं मी म्हणत नाही. एका खोडातून आलेली कीड तालुक्यातल्या सगळ्या बागा उजाड करते, हे तू जेवताना सांगायचास आणि मला ते पटायचं. म्हणून मी रोप दिलं. स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवलं. नुसतं म्हटलं, दादा, माती तरी राहू दे. तू म्हणालास, माती जास्त धोक्याची. मी म्हटलं, मग तिचं काय करतात? तू सांगितलंस, जाळता येत नाही म्हणून भट्टीत लाल होईपर्यंत भाजतात आणि समुद्रात टाकतात. मी म्हटलं, लाल होईपर्यंत भाजल्यावर तिच्यात कीड कुठून राहणार? तशी भाजलेली दे. मूठभर दे. तू क्षणभर थांबलास. तेव्हा मला वाटलं होतं, तू विचार करतोयस. मग म्हणालास, ‘परत देण्याची तरतूद नियमात नाही.’ आणि पावती फाडलीस: रोप एक, माती अंदाजे नऊ पौंड, दोन्ही नष्ट, डबा मालकास परत. अर्ध्या तासानं शिपायानं डबा आणून दिला. फिनेलनं धुतलेला. मी तो हातात घेऊन उभीच राहिले, तेव्हा तू रांगेतल्या पुढच्या माणसाला बोलावता बोलावता माझ्याकडे न बघता म्हणालास, ‘घेऊन जा. पत्र्याला बंदी नाही.’

ती माती कुठली होती हे मी तुला तिथं सांगितलं नाही. हमाल होते, रांग होती. नंतरही सांगितलं नाही. आज लिहिते. आमचं बाळ चार महिन्यांचं होऊन तापानं गेलं, एवढं घरी कळवलं होतंच. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात, हे तुला मी सांगायला नको. मोंबासाला आपल्या लोकांच्या स्मशानाच्या कुंपणाशी त्याला ठेवलं आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. दगडांच्या मधोमध मी अनंताची फांदी खोचली. ती जगली. दीड वर्ष मी दर शनिवारी जाऊन तिला पाणी घालत होते. निघायचं ठरलं तेव्हा जयवंत म्हणाला, त्याला इथं एकट्याला टाकून कसं जायचं? आम्ही दोघांनी जाऊन मुळांसकट रोप काढलं, भोवतीची माती डब्यात भरली. मुळांना खाली काय लागलेलं होतं ते मी पाहिलं नाही. मुद्दामच पाहिलं नाही. ठरवलं होतं, आईच्या दारात तुळशीशेजारी लावायचं. एवढंच होतं माझं त्या नऊ दिवसांत. एवढंच घेऊन मी घरी येत होते.

यानंतर चार वर्षं मी तुला माफ केलं, दादा. रोज, नेमानं. मनाला सांगायची, त्याला काय माहीत? त्याच्या लेखी ती नुसती माती. तो नाकासमोर चालणारा, बाप गेल्यापासून असाच. बहीण असली म्हणून काय झालं, नियम तो नियम. उलट अभिमानही वाटून घेतला कधी कधी. आईलाही मी त्या डब्याचं कधी सांगितलं नाही. तुझ्याबद्दल तिचं मन कलुषित होईल म्हणून. जयवंत एकदा म्हणाला, सांगून टाक त्याला, काळजात ठेवू नकोस. मी म्हटलं, नको, कळलं तर तो उभ्या जन्मात स्वतःला क्षमा करणार नाही. बघ, काय वेडी होते मी.

ऑक्टोबरात आईला एक छंद लागला. तिच्या ट्रंकेत आमची सगळी पत्रं दोऱ्यानं बांधलेली होती, तुझी मेलबर्नची आणि माझी मोंबासाची. तिला अक्षरओळख नव्हती. तू घरात होतास तोवर तू वाचून दाखवायचास. आता ती मला म्हणायची, वाच गं, पहिल्यापासून वाच. स्वतःचीच पत्रं मोठ्यानं वाचायला लाज वाटते, पण वाचली. संध्याकाळी दिवे लागले की एकेक. असं करता करता जानेवारी त्रेपन्नचं पत्र आलं. ‘आम्ही मार्चमध्ये येतो आहोत. आई, बाळालाही घेऊन येते आहे. त्याच्यावर लावलेलं अनंताचं रोप आणि त्याची माती डब्यातून आणते, आपल्या तुळशीशेजारी लावू. दादाला विचारून ठेव, गोदीवर काही कागद लागेल का. लागत असेल तर तो लिहून कळवील, मी इथं मिळवीन.’ मी वाचत होते आणि आईनं माझा हात धरला. ‘हे त्यानं वाचलं नव्हतं,’ म्हणाली. मी म्हटलं, विसरली असशील. ती म्हणाली, ‘मी तुझं एक अक्षर विसरत नाही. बोट मार्चात येते इथवर त्यानं वाचलं, मग थांबला, पाणी प्यायला, आणि सगळ्यांना नमस्कार म्हणून कागद मिटला.’

मधला परिच्छेद तू गाळलास. म्हणजे तुझ्या डोळ्यांखालून तो गेला होता. कागद लागतो हे तुला माहीत होतं, मी विचारलं होतं, आणि दोन महिने हातात होते. तुझं एक कार्ड आलं असतं तर मी मोंबासाच्या साहेबाच्या पायावर डोकं ठेवून दाखला आणला असता. तू कार्ड टाकलं नाहीस. आणि टेबलामागं बसलास तेव्हा तुला माहीत होतं, त्या डब्यात कोण आहे.

तरीही मी स्वतःला म्हटलं, आईचं वय झालंय, चुकत असेल. मला अजूनही तुला सोडवायचं होतं. मग आईच्या मागं समाचाराला तुझ्या खात्यातले मधुकरराव आले. भले गृहस्थ. चहा घेता घेता तुझं कौतुक करत होते, की श्यामसारखा कडक माणूस होणे नाही. म्हणाले, तुम्ही आफ्रिकेहून आलात ना, त्या दिवशी पाळी माझी होती. श्यामनं आदल्या दिवशी येऊन मागून घेतली. मला वाटलं, बहिणीला उतरवून घ्यायची हौस असेल, म्हणून हसत हसत दिली. मी त्यांना आणखी एक कप चहा दिला.

का केलंस, हे मला विचारायचं नाही, कारण माहीत आहे. तू ठरवलेलं खात्यातलं स्थळ मी नाकारलं आणि नोंदणी कचेरीत जाऊन जयवंतशी लग्न केलं. तू चारचौघांत तोंडघशी पडलास. मी निघताना तू म्हणाला होतास, ‘जाताना काय न्यायचं ते ने, येताना काही घेऊन येऊ नकोस.’ मला वाटलं रागाच्या भरात बोललास. तू बोललास तसा वागणारा माणूस आहेस, हे मी विसरले. त्याचं नाव तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगून ठेवते. चंद्रप्रकाश. बारशाला आम्ही सातच माणसं होतो.

आता आईचं. ते पत्र वाचून झाल्यावर ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून होती. मला वाटलं, आता माझ्याशी बोलेल, माझ्या डोक्यावरून हात फिरवील, तुला चार शब्द ऐकवणारं पत्र सांगेल. तिसऱ्या दिवशी तिनं लुगडं फाडायला घेतलं. तुझ्या पुरचुंड्यांसाठी! मी विचारलं, आई, एवढं कळूनही? ती म्हणाली, ‘त्याला कोण आहे गं तिकडं? तुला जयवंत आहे.’ मी उठून गॅलरीत गेले आणि कठड्यावर डोकं आपटलं. एकदाच. आपला तो बाब्या, हे दुसऱ्यांबद्दल म्हणतात ना, आपल्याकडे एकाच पोटच्या दोघांत ते होतं. तरीही रोज तिच्या गाठी मी ओढून बघत होते, सुटत नाहीत ना म्हणून. आणि खरं सांगते, ती गेल्यावरही डबा पाठवायचा, हेच मनात होतं. तिचा हात लागलेला होता, कावळ्याला शब्द दिला होता. मधुकरराव येऊन गेल्यावरसुद्धा मी किराणावाल्याकडून सुतळी आणि गोणपाट आणून ठेवलं.

मग परवा तुझं पत्र आलं. दुःखाच्या दोन पानांनंतर खाली बारीक अक्षरात तू लिहिलंस, की इथले नियम फार कडक आहेत, बी, पीठ, पिसं, माती काही सोडत नाहीत. तेव्हा डब्याला वरून कागद गुंडाळ, पार्सलावर ‘पुस्तके व कपडे’ असं लिही आणि आत दोन जुनी मासिकं वर घाल. ‘एवढ्याशा वस्तूंनी काय होणार आहे? आईच्या हातचं शेवटचं आहे.’ हे मी चुलीशी उभी राहून वाचलं आणि भाजी करपली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! उतरल्या दिवशी आईनं दिलेली लोणच्याची बरणी स्वतःहून काढून दिलीस म्हणून तिथल्या साहेबानं पाठ थोपटली, हे तूच चार ओळींत लिहिलं होतंस. एवढ्याशा वस्तूंनी काय होणार आहे! हेच वाक्य मला गोदीवर सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी तू ऐकलं नसतंस.

काल सकाळी मी चाळीमागच्या मोकळ्या जागेत गेले. नष्ट करताना साक्षीदार दोन लागतात, हे तुझ्याच पुस्तकात आहे, म्हणून शेजारच्या काशीरामभाऊंना आणि विमलावहिनींना बोलावलं. त्यांना वाटलं, डबा बांधायला मदत हवीय. मी घमेल्यात शेणी पेटवल्या आणि एकेक वस्तू बाहेर काढली. मंजिऱ्या, पीठ, मिरच्या, सोलं, गाठी न सोडता तशाच. तूप आधी ओतलं, म्हणून जाळ चांगला धरला. मोरपीस लगेच आवळलं आणि केस जळल्यासारखा वास आला. विमलावहिनी रडायला लागल्या, ‘काय करतास गो, आवशीचा तां,’ म्हणून माझा हात धरायला आल्या. काशीरामभाऊ पाठ फिरवून निघून गेले, आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. माती राहिली. ती तव्यावर घेतली आणि लाल होईतो भाजली. एक तास लागला. भाजून झाल्यावर वाटलं, आता हिच्यात काही राहिलं नाही, चिमूटभर ठेवावी दादासाठी. मी क्षणभर थांबले. पण परत देण्याची तरतूद नियमात नाही. संध्याकाळी जयवंत येण्याआधी वेसाव्याला जाऊन समुद्रात टाकून आले. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही. म्हणतो, वड्याचं तेल वांग्यावर काढलंस, आईनं तुझं काय केलं होतं? त्याचं बरोबर असेल. आईचा मी अपराध केला, तो मला कुठंतरी भोगावा लागेल. पण मला बरं वाटलं का, विचारशील तर, वाटलं. तुझ्याशी खोटं का बोलू? रात्री बरी झोप लागली.

डबा आज बोटीच्या टपालानं टाकला. पार्सलावर ‘रिकामा डबा’ असं लिहिलंय, म्हणजे जे आहे तेच. हे पत्र विमानानं पुढं पाठवतेय, ते मुद्दाम. डबा आधी पोचला असता, तर तू उघडून म्हणाला असतास, इथल्या लोकांनी काढून घेतलं असेल. त्यांना काय माहीत आत काय होतं, त्यांच्या लेखी नुसतं बी आणि माती, नियम तो नियम. आणि रोज थोडंथोडं त्यांना माफ करत राहिला असतास, मी तुला केलं तसं. ती सोय तुला राहू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. ज्यानं जाळलं त्याला एकेक वस्तू माहीत होती. डबा मी दोनदा फिनेलनं धुतलाय, झाकण घट्ट बसतं, घोडागाडीचं चित्र शाबूत आहे. तुमच्या साहेबांना खुशाल उघडून दाखव, कुणी अडवणार नाही. पत्र्याला बंदी नाही.

तुझीच, पाठची,
माणिक